पाण्यात उभी कपाशी माना का टाकते

एका शेतकऱ्याने विचारलंय की शेतात पाणी साचलेलं असताना कपाशी सुकते कशी. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडच्या काळ्या जमिनीत, मोठ्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला की हे दिसतं. याला आकस्मिक मर म्हणतात. ही बुरशी नव्हे, हे आधी लक्षात घ्या. उगाच औषधावर पैसे घालू नका.

पाणी वर खेचायचं मुख्य काम पानं करतात. पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या बारीक छिद्रांतून, वाफ बाहेर पडते (हेच बाष्पोत्सर्जन) आणि जलवाहिन्यांतला पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. पण मुळांच्या पेशींना श्वास लागतोच. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपला की पेशीपटलांतल्या (पेशींच्या पातळ आवरणांतल्या) पाण्याच्या वाटा मिटतात. वर ऊन तापलेलं, पानं पाणी मागतायत, खालून पुरवठा नाही! नत्र, पालाश आत घ्यायला तर मुळांची ऊर्जा खर्च होते, म्हणजे तेही अडलं. नुसता युरिया फेकून काय होणार? आधी चर काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निघून मातीत हवा खेळू द्या.

केळीवाल्यांनो, पहाटे पानांच्या कडेला दिसणारे थेंब सगळे दवाचे नसतात बरं का. रात्री बाष्पोत्सर्जन मंदावतं, तेव्हा मुळांचा दाब पाणी कडेतून बाहेर काढतो. दुपारच्या उन्हात मात्र तो दाब पुरा पडत नाही.