‘डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : सरकारी धोरणांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात डिजिटायझेशन, डिजिटलायझेशन आणि डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन हे तीन शब्द पाठोपाठ येतात. तिन्हीकडे ‘संगणकीकरण’ लिहून पाहिलं, तर परिच्छेदाला अर्थच उरला नाही. शिवाय ‘धोरण उत्क्रांत होत गेलं’ हे बरोबर वाटतं का?

उत्तर : तिन्हींना एकच शब्द वापरू नका, कारण सरकारी धोरणाचा प्रवास नेमका या तीन शब्दांमधूनच झाला आहे.

पहिल्यासाठी ‘अंकीकरण’ चालेल. कागद होता, त्याची संगणकावर प्रत झाली, बाकी काही बदललं नाही. दुसऱ्यासाठी ‘संगणकीकरण’ : अर्ज, मंजुरी, पावती अशी कामाची साखळीच संगणकावर आली. तिसऱ्याला मी ‘डिजिटल कायापालट’ म्हणेन. तिथे आधी विचारायचं असतं की हा अर्ज मुळात लागतोच कशाला?

एक उदाहरण घ्या. अर्ज संकेतस्थळावरून उतरवायचा, छापायचा, हाताने भरायचा, सही करायची, स्कॅन करून परत चढवायचा. याला कितीही मोठं नाव दिलं तरी हे अंकीकरणच. आता एस्टोनिया पाहा. तिथे २००१ पासून ‘एक्स-रोड’ या व्यवस्थेमुळे सरकारी खाती एकमेकांकडची माहिती थेट घेऊ शकतात, आणि तीच माहिती गोळा करण्यासाठी दुसरा वेगळा माहितीसाठा उभारायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे एकदा दिलेला पत्ता नागरिकाकडे पुन्हा मागायचा नाही. इथे ‘कायापालट’ शोभतो.

‘उत्क्रांत’ मात्र टाळा. उत्क्रांती कुणी ठरवून करत नाही. धोरण कुणीतरी ठरवतं आणि त्याला जबाबदारही असतं. (संस्कृतात ‘उत्क्रांती’ म्हणजे प्राण देहातून निघून जाणं, तेही इथे नको!) आपल्याकडे ‘बोलण्याचं धोरण’ म्हणतात, त्यात रोख हा अर्थ आहे. रोख बदलतो, वळतो. म्हणून ‘धोरण बदलत गेलं’ किंवा ‘धोरणाला वेगळं वळण मिळालं’ लिहा.

दुसरं मत : ‘कायापालट’ला माझा विरोध आहे. त्यात बदल चांगलाच झाला हे गृहीत धरलेलं असतं. डेन्मार्कने २०१४ साली १५ वर्षं आणि त्यावरील नागरिकांना सरकारी टपाल डिजिटल पेटीतच घेणं बंधनकारक केलं, पण ज्यांना ते जमत नाही त्यांना सूटही ठेवावी लागली. त्या माणसांच्या बाजूने पाहिलं तर ‘परिवर्तन’ हा तटस्थ शब्द बरा.

उत्तर : हे पटलं. सरकारने स्वतः केलेला दावा असेल तर ‘कायापालट’ अवतरणात ठेवावा, लेखकाचं स्वतःचं विधान असेल तिथे ‘डिजिटल परिवर्तन’. ब्रिटनच्या २०१२ च्या धोरणातल्या ‘डिजिटल बाय डिफॉल्ट’चाही असाच घोळ होतो. ‘डिजिटल अनिवार्य’ असं भाषांतर करू नका. सेवा इतकी सोपी करायची की ज्यांना शक्य आहे ते आपणहून तीच निवडतील, आणि बाकीच्यांना मदत द्यायची, असा तो अर्थ आहे. ‘आधी डिजिटल’ म्हटलं की पुरे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. पहिल्या दोन ठिकाणी अंकीकरण आणि संगणकीकरण ठेवते. तिसऱ्या ठिकाणी मूळ वाक्य मंत्रालयाच्या निवेदनातलंच आहे, तेव्हा अवतरणातला ‘कायापालट’.