कर भरतो, पेन्शन भरतो, मग ‘आपण इथे पाहुणे’ कशाला? जर्मनीतल्या मराठी लोकांनी राजकारणात पडावं का?

नेकरकाठ

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार. माझ्या मुलीच्या शाळेच्या व्यायामशाळेत मी जर्मनीत पहिल्यांदा मत दिलं, संसदेच्या निवडणुकीत. पोस्टानं आलेला मतदाराचा कागद आणि ओळखपत्र टेबलावर दाखवलं, हातभर लांब मतपत्रिका मिळाली. डावीकडे उमेदवाराला मत, उजवीकडे पक्षाला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे एक पेन्सिल. शाई वगैरे काही नाही, तरी बाहेर पडल्यावर माझी नजर डाव्या तर्जनीवर गेलीच.

संध्याकाळी आमच्या मराठी ग्रुपवर निकालाची चर्चा सुरू झाली आणि लगेच एकाचा मेसेज आला: ‘राजकारण नको, आपण इथे पाहुणे आहोत.’ तो शब्द मला अजून सलतो. सतरा वर्षं मी इथे कर भरते. पगाराच्या १८.६ टक्के पेन्शनचा हप्ता जातो, निम्मा माझा, निम्मा कंपनीचा. त्यातून आज इथल्या म्हाताऱ्यांची पेन्शन भागते. पाहुणा असं काही करतो का?

निवडणुकीशी आपला संबंध नाही म्हणणाऱ्यांना एक उदाहरण देते. जून २०२४ मध्ये कायदा बदलला. नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षं पुरेशी झाली आणि भाषा उत्तम येणाऱ्यांना, समाजात चांगले रुळलेल्यांना तीन. माझा दीर त्या तीन वर्षांच्या भरवशावर रात्री जागून सी-वनच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या जर्मन भाषेच्या परीक्षेला बसला. सरकार बदललं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेनं ती वाटच बंद केली. हे कुणी ठरवलं? ज्यांना मत होतं त्यांनी.

माझं म्हणणं सरळ आहे. पात्र असाल तर नागरिकत्व घ्या आणि मत द्या.

वाईकर

ताई, अनुभव खरा आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मला इथे चौदा वर्षं झाली, कायमचा परवाना आहे, तरी भारतीय पासपोर्ट सोडणार नाही. जर्मनी आता दोन नागरिकत्वं चालवून घेते, भारत घेत नाही. म्हणजे सोडायचं ते आपलंच.

७ मे २०२४ ला सातारा मतदारसंघात मतदान होतं. अनिवासी माणसाला स्वतः जाऊनच मत द्यावं लागतं, म्हणून सुट्टी काढून गेलो. वडिलांचा हात धरून उन्हात रांगेत उभा राहिलो. ते ८१ वर्षांचे आहेत. ती रांग मी ओसीआय कार्डावर कशी उभी करू? ओसीआय म्हणजे भारतीय नागरिकत्व सोडलेल्याला मिळणारा आजन्म व्हिसा. त्यावर मत नाही, शेतजमीन घेता येत नाही.

आणि इथलं होण्याचा रस्ता पासपोर्टवरूनच जातो असंही नाही. कंपनीतल्या कामगार प्रतिनिधी मंडळाला, बेट्रीब्सराटला, नागरिकत्व लागत नाही. २०२२ मध्ये मी त्यावर निवडून आलो. एका सहकाऱ्याला काढायचं घाटत होतं. मंडळाचं म्हणणं विचारल्याशिवाय दिलेली नोटीस कायद्यानं रद्दच ठरते, त्यामुळे कागद आधी आमच्या टेबलावर आला. आम्ही लेखी हरकत घेतली. त्याला दुसऱ्या विभागात जागा मिळाली. त्याच्या घरी दोन लहान मुलं आहेत. माझ्या लेखी हेही राजकारणच.

नेकरकाठ

दादा, बेट्रीब्सराटबद्दल पूर्ण मान्य. किती जणांना हे माहीतही नसतं!

शेतजमिनीचं मात्र दुरुस्त करते. ती विकत घेता येत नाही हे खरं, पण ते परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही लागू आहे. वारशानं दोघांनाही मिळते. जमिनीसाठी थांबला असाल तर त्यात फरक पडत नाही.

वडिलांच्या रांगेचं माझ्याकडे उत्तर नाही. ‘रद्द’ असा शिक्का मारलेला माझा पासपोर्ट परत आला, तेव्हा आईनं मिरजेला तो देवघराखालच्या खणात ठेवला. बोलली काहीच नाही.

स्पष्ट_नाशिककर

मी न आवडणारं बोलणार आहे, पण मनापासून. मीही नागरिक झालोय आणि माझं मत सीडीयूला, इथल्या उजवीकडे झुकणाऱ्या मोठ्या पक्षाला, गेलं. आपण पदवी, नोकरीचा करार, ब्लू कार्ड (शिकलेल्यांचा कामाचा परवाना) घेऊन आलो. कागद न कागद दाखवला. मग सीमेवर नियम कडक करा म्हटलं की लगेच द्वेष कसा होतो? आमच्या गावात बालवाडीची जागा मिळायला दीड वर्ष लागलं. भाड्याचं घर बघायला जिन्यात रांग लागते. स्थलांतराला विरोध करणाऱ्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली. एवढी सगळी माणसं वाईट, असं मी म्हणणार नाही. माझ्या शेजारचे आजोबा त्यांचे मतदार आहेत आणि माझं पार्सल तेच घेऊन ठेवतात. कायद्यानं आलेल्याला भ्यायचं कारण नाही, असं माझं मत आहे.

एल्बेकाठचा_विद्यार्थी

दादा, मी मॅग्डेबर्गला शिकतो. २० डिसेंबर २०२४ ला इथल्या नाताळ बाजारात गर्दीत गाडी घातली गेली. जखमींत भारतीयही होते. आदल्या संध्याकाळी मी त्याच रांगांमधून मित्रांबरोबर फिरलो होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात ट्रामच्या दाराशी उभा होतो. एक माणूस अगदी तोंडाजवळ येऊन ओरडला, ‘तुमच्या देशात चालते व्हा.’ माझा व्हिसा कुठला, कागद पुरे आहेत का, त्यानं विचारलं नाही. कातडी बघितली. एक म्हातारी बाई उठली आणि पिशवी हातात धरून माझ्या नि त्याच्या मध्ये उभी राहिली. माझा थांबा येईपर्यंत हलली नाही. खरेदीला जायचं सोडून ती माझ्याबरोबर उतरली आणि मग मागच्या ट्रामनं गेली.

आमच्या राज्यात, साक्सन-आनहाल्टमध्ये, त्या निवडणुकीत एएफडीला ३७ टक्के मतं पडली. त्यांच्या नेत्या आलिस वायडेल यांनी जानेवारी २०२५ मध्ये रीझा शहरातल्या पक्षाच्या अधिवेशनात मंचावरून ‘रीमायग्रेशन’ हा शब्द उघड वापरला. म्हणजे परत पाठवणी. कुणाची, हे ट्राममध्ये ठरतं.

वाईकर

नाशिककर, यात मी विद्यार्थ्याच्या बाजूनं आहे. २००० साली चॅन्सलर श्रोडर यांच्या सरकारनं परदेशी संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, काढला. तेव्हा नॉर्थ राइन-वेस्टफेलिया राज्याच्या निवडणुकीत सीडीयूच्या युर्गेन रुट्गर्स यांच्या प्रचारातून घोषणा निघाली: ‘किंडर स्टाट इंडर’. भारतीयांऐवजी आपली मुलं. ते लोक निर्वासित नव्हते, सरकारनं बोलावलेले होते. सगळे कागद होते त्यांच्याकडे. रुट्गर्स ती निवडणूक हरले, पण घोषणा जुन्या लोकांच्या अजून लक्षात आहे.

स्पष्ट_नाशिककर

विद्यार्थी मित्रा, तुझ्याबरोबर जे झालं ते वाचून वाईट वाटलं. ‘भ्यायचं कारण नाही’ हे मी घरात बसून लिहिलं, ते मागे घेतो.

मूळ मुद्दा सोडत नाही. घरं, बालवाड्या, शाळा यांचा हिशोब न करता माणसं घेतली तर त्याचा राग शेवटी तुझ्यासारख्यावरच निघतो. तो हिशोब मधल्या पक्षांनीच मांडायला हवा. म्हणूनच २९ जानेवारी २०२५ ला सीडीयूचे नेते मेर्झ यांनी स्थलांतराचा ठराव एएफडीच्या मतांवर संमत होऊ दिला, ते मला खुपलं. त्यांना मत दिलं ते त्यानंतरच, आणि जड मनानं दिलं.

आम्स्टेलव्हीन

नेदरलँड्समधून थोडं. इथे पाच वर्षं कायदेशीर राहिलं की पासपोर्ट न बदलता नगरपालिकेला मत देता येतं. मार्च २०२२ मध्ये मी दिलं. त्या प्रचारात उमेदवार आमच्या इमारतीखाली येऊन भारतीय आयांशी बोलत होते. मत असलं की माणूस दारात येतो. संसदेला मत नाही, पण कचरा, सायकलरस्ता आणि खेळाचं मैदान नगरपालिकाच बघते. जर्मनीत असं का नाही?

नेकरकाठ

प्रयत्न झाला होता. हॅम्बुर्ग आणि श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मत देणारे कायदे केले, पण १९९० मध्ये घटना न्यायालयानं ते रद्द ठरवले. पुढे युरोपीय संघाच्या नागरिकांना मिळालं. म्हणजे मागच्या वर्षी आलेला पोर्तुगीज माणूस आमच्या महापौराला मत देतो आणि चौदा वर्षं राहिलेले वाईकर देत नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं.

वाईकर

तसं मत मिळालं तर पहिल्या दिवशी रांगेत असेन. तोवर काय?

नेकरकाठ

तोवर मोजणीला या. संध्याकाळी सहाला मतदान संपलं की त्याच खोलीत मोजणी होते आणि ती बघायला कुणालाही मुभा असते, नागरिक असो वा नसो. टेबलं जोडतात, पेट्या उलट्या करतात, कागद उलगडून गठ्ठे लावतात. मी गेल्या खेपेला भिंतीशी उभी राहून सगळं पाहिलं.

८ मार्च २०२६ ला आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या विधानसभेचं मतदान आहे. या वेळी पहिल्यांदाच सोळा वर्षांच्या मुलांना मत आहे आणि माझी मुलगी बरोबर सोळाची आहे. कुणाला देणार विचारलं तर म्हणाली, ‘आई, ते तुला सांगायचं नसतं.’ ती पाचलाच येणार आहे माझ्याबरोबर आणि मोजणीला थांबणार आहे. पत्ता वैयक्तिक निरोपात पाठवते.