आई-बाबांसाठी पेठेत फ्लॅट घ्यायचाय, तीन इमारतींपैकी कोणती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते. अर्धवट माहितीवर सल्ला देणं तुम्हालाही अवघड जाईल.

बाबा ७२ वर्षांचे, आई ६८. बाबांचा जन्म पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यातला. १९९६ साली वाडा पाडायचं ठरलं, भाडेकरू म्हणून आजोबांना जे पैसे मिळाले ते घेऊन आम्ही वारज्याला आलो. सोसायटी मोठी आहे, बाग आहे, वॉचमन आहे, तक्रार काही नाही. पण बाबा निवृत्तीनंतरही रोज बसने अप्पा बळवंत चौकात जायचे, नगर वाचन मंदिरात बसायचे, मंडईतून भाजी घेऊन परत यायचे. डिसेंबरमध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि बस बंद झाली. तेव्हापासून दिवसभर गॅलरीत बसून असतात. परवा मला म्हणाले, "इथे सगळे मला अंकल म्हणतात. नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही."

तेव्हाच ठरवलं, यांना परत पेठेत न्यायचं. वारज्याचा फ्लॅट विकून, थोडी भर घालून सगळं मिळून एक कोटीपर्यंत जाता येईल. एकट्या आईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो, तसंच करायचा विचार आहे. चार महिन्यांत सतरा फ्लॅट पाहिले. तीन उरलेत आणि तिन्हींत काही ना काही अडतंय.

पहिली इमारत नारायण पेठेत, नदीच्या बाजूला, १९८४ सालची. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट जाळीच्या दाराची, जुनी, पण चालते. जिना मात्र इतका छान आहे की आई दोन मजले न थांबता चढली. पायऱ्या बुटक्या, रुंद, आणि कठडा लाकडी, हातात नीट मावणारा. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यामुळे माझं लक्ष आधी जिन्याकडेच जातं. घरही हवेशीर आहे. पण खाली पार्किंगमधल्या खांबांवर गुडघ्याच्या उंचीला रंगाचे पोपडे गेलेली एक रेघ होती. एजंट म्हणाला ओल आहे, रंग मारला की जाईल. बाबा वाकून त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग शेजारच्या खांबापाशी गेले, तिथेही त्याच उंचीला रेघ. म्हणाले, "ओल वाकडीतिकडी चढते. ही पाण्याची रेघ आहे." १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. आजीने त्यांना कडेवर घेऊन सदाशिव पेठेत मावशीकडे नेलं होतं, आणि घरी परतल्यावर भिंतीवर गाळ कुठवर होता ते अजून हाताने दाखवतात. त्या दिवशी घरी येईपर्यंत बाबा बोलले नाहीत.

दुसरी शनिवार पेठेत, वाडा पाडून नवीन बांधलेली. सातच फ्लॅट, त्यातले चार जुन्या भाडेकरूंचे. लिफ्ट नवी कोरी, स्वच्छतागृहं मोठी, आईला स्वयंपाकघर फार आवडलं. शनिवारवाडा चालत पाच मिनिटांवर. भोगवटा पत्र, म्हणजे राहायला जायची महापालिकेची परवानगी, अजून नाही, "महिनाभरात येईल" असं फेब्रुवारीपासून ऐकतेय. महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा) नोंदणी नंबर विचारला तर बिल्डर म्हणाला, एवढ्या छोट्या प्रकल्पाला लागतच नाही. हे खरं आहे का?

तिसरी सदाशिव पेठेत, खजिना विहिरीपासून जवळ. १९९२ ची, दहा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट आहे. जागा सर्वात मोठी आणि किंमत सर्वात कमी, कारण दहापैकी सहा फ्लॅट स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेच्या भाड्याने, दिलेत. जिन्यात चपलांचे ढीग, पार्किंगमध्ये दुचाकी इतक्या की आम्हाला आडवं होऊन आत जावं लागलं. मेंटेनन्स कोण जमा करतं, मीटिंग कधी झाली, कुणालाच सांगता येईना. सोसायटी नोंदलेली नाही, आणि प्रॉपर्टी कार्डावर (जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) अजून मूळ वाडामालकाचंच नाव आहे असं मालक स्वतःच म्हणाले. प्रामाणिक माणूस वाटला.

मला विचारायचंय ते असं. पेठेत सध्या राहणाऱ्यांनी सांगावं की अशा वयाच्या जोडप्यासाठी इमारत बघताना तुम्ही सर्वात आधी काय बघाल? कागदपत्रांतलं काय दुरुस्त होऊ शकतं आणि कशापासून लांबच राहायचं? आणि गणपतीच्या दिवसांचं काय? बाबांना त्याचीच ओढ आहे. पण आईला रक्तदाबाचा त्रास आहे, रात्री-अपरात्री काही झालं तर गाडी बाहेर कशी काढायची याची मला काळजी वाटते.

प्रतिसाद : नदीकाठचा

ताई, मी नारायण पेठेतच राहतो, वय ६४. तुमचे बाबा बरोबर आहेत. दोन खांबांवर एकाच उंचीला रेघ म्हणजे पाणीच. याचा अर्थ इमारत वाईट असं लगेच धरू नका. आमच्याकडेही खडकवासला धरणातून जोराचा विसर्ग झाला की नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि आम्ही पार्किंगमधून गाड्या वर काढतो. दुसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण दोन गोष्टी बघा. विजेचे मीटर किती उंचीवर आहेत आणि पाण्याचा पंप कुठे बसवलाय? मीटर रेघेच्या खाली असतील तर पुराच्या दिवशी लाइट, लिफ्ट, पाणी सगळं एकदम बंद. आई-बाबा दोन दिवस वर अडकून पडतील. महापालिकेच्या विकास आराखड्यात निळी आणि लाल पूररेषा दाखवलेली असते. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. इमारत निळीच्या आत असेल तर उद्या ती पाडून नवीन बांधताना फार कडक अटी येतात. १९८४ ची इमारत आहे, हा प्रश्न पुढेमागे येणारच.

आता जे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. आमची लिफ्ट तीन माणसांची, स्ट्रेचर आत मावलं नाही. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना. शेवटी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीला चादरीने बांधून चौघांनी खाली आणली. रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशीच थांबलेली, आत येत नव्हती. ती आज माझ्यासमोर बसलीय, चालते आहे, पण ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. तुम्ही मोजपट्टी घेऊन जा. जिन्याचं वळण मोजा, बोळ मोजा, आणि रात्री दहानंतर गाड्या लागलेल्या असताना पुन्हा मोजा.

प्रतिसाद : दस्तनोंदणी

मी मालमत्तेच्या कागदपत्रांचं काम करते. तिन्हीबद्दल लिहिते.

शनिवार पेठेतल्या बिल्डरचं म्हणणं कायद्याला धरून आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठापेक्षा जास्त नसतील तर रेरा नोंदणी लागत नाही. पेठेतले प्लॉट लहान, त्यामुळे बरेच प्रकल्प यातच बसतात. पण मग रेराचं संरक्षणही तुम्हाला नाही हे लक्षात घ्या, आणि भोगवटा पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. दुसरं, शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. चालत पाच मिनिटं म्हणजे तीनेकशे मीटर तर सहज होतात, पण अंतर रस्त्याने मोजत नाहीत, सरळ रेषेत मोजतात. नकाशावर बघा, आणि हद्दीत असेल तर ते ना-हरकत पत्र मागा. भोगवटा अडण्याचं कारण तिथेही असू शकतं. तिसरं, चारही जुन्या भाडेकरूंचे करारनामे नोंदवलेले आहेत का? एखाद्याचा राहिला असेल तर तो वाद इमारतीवर बसतो, म्हणजे तुमच्यावरही.

सदाशिव पेठेतलं दुखणं मोठं वाटतं, पण ते दुरुस्त होतं. सोसायटी नोंदवून मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. मूळ मालकाने सही दिली नाही तरी होतं. वेळ लागतो, पाठपुरावा लागतो, आणि मुख्य म्हणजे बाकीचे फ्लॅटमालक एकत्र यावे लागतात. ते सगळे बाहेरगावी राहून नुसतं भाडं घेत असतील तर अवघड. म्हणून आधी फ्लॅटमालकांशी फोनवर बोला.

नारायण पेठेत ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी), प्रॉपर्टी कार्ड आणि स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) मागा. ३० वर्षांवरच्या इमारतीला हे ऑडिट दर तीन वर्षांनी करायला हवं. केलेलंच नसेल तर स्वतःच्या खर्चाने इंजिनिअर नेऊन दाखवा. तिथे सोसायटी आहे का? असेल तर फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतरणाचं प्रीमियम २५ हजारांवर मागता येत नाही, तेही माहीत असू द्या.

प्रतिसाद : पेरूगेट

अभ्यास करणाऱ्या मुलांमुळे तिसरी इमारत लगेच बाद करू नका, एवढंच सांगायला लिहितेय. माझी आई सदाशिव पेठेत एकटी राहते, वर आणि समोर दोन्हीकडे मुलं आहेत. मलाही आधी नको वाटलं होतं. गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरून पडली. दाराची कडी आतून लावलेली. समोरच्या मुलाने आवाज ऐकला, दार उचकटलं आणि तिला दवाखान्यात नेलं. मी तेव्हा नाशिकला होते. ती मुलं लातूर, नांदेड, बीडकडची, घरच्यांना सोडून आलेली. आई त्यांना सणाला पुरणपोळी देते, ती तिची औषधं आणून देतात.

अडचण आहे ती पाण्याची. एका फ्लॅटमध्ये आठ-आठ जण असले की टाकी दुपारपर्यंत रिकामी होते. सकाळी सहाला आणि दुपारी तीनला जाऊन नळ सोडून बघा.

गणपतीबद्दल: लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्त्यापासून दोन बोळ आत असाल तर आवाज खूप कमी होतो. विसर्जनाच्या दिवशी आणि रात्री गाडी बाहेर निघणार नाही हे धरूनच चाला. आम्ही आईची औषधं आठवडाभराची आधीच आणून ठेवतो आणि जवळच्या डॉक्टरांना त्या रात्री घरी असणार का ते विचारून ठेवतो.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे खूप आभार. नदीकाठच्या काकांचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला, ती बराच वेळ गप्प होती. काकूंना आमच्या दोघींचा नमस्कार सांगा.

काल रविवार होता, मी, माझा नवरा आणि बाबा मोजपट्टी घेऊन दिवसभर फिरलो.

नारायण पेठेत मीटर पार्किंगमध्येच आहेत, रेघेपासून जेमतेम वीतभर वर. पंप तर जमिनीतच. खालच्या गाळ्यातल्या दुकानदाराला विचारलं तर त्याने काही न बोलता मोबाइलवरचा फोटो दाखवला. पाण्यात अर्धी बुडालेली स्कूटर होती. इंजिनिअरला नेण्याआधीच बाबा म्हणाले, हे घर नको. त्या जिन्यासाठी आईला अजून वाईट वाटतंय.

शनिवार पेठेत नकाशावर सरळ रेषेत मोजलं तर इमारत २०० मीटरांच्या पट्ट्यात येते. बिल्डरला ना-हरकत पत्राबद्दल विचारलं. "ते आमचे आर्किटेक्ट बघतात" म्हणाला. मी लेखी मागितलंय, तोपर्यंत टोकन देणार नाही.

सदाशिव पेठेतला बोळ पावणेतीन मीटर भरला, रात्री साडेदहाला दुचाकी लागलेल्या असताना दीड. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेल असं वाटतं. लिफ्टमध्ये खुर्ची मावते, आम्ही शेजाऱ्यांची प्लास्टिकची खुर्ची मागून ठेवून पाहिली. मालकाने बाकी नऊपैकी सात जणांचे नंबर दिले. चौघांशी बोलणं झालं. दोघे सोसायटी करायला लगेच तयार आहेत, एकांनी मुलाला विचारून सांगतो म्हटलं, एक बाई अमेरिकेत असतात, त्या रात्री फोन करणार आहेत.

आणि एक झालं. आम्ही बोळातून बाहेर येत होतो, बाबा पुढे होते. समोरून एक आजोबा पिशवी घेऊन येत होते. ते थांबले, नीट निरखून पाहिलं आणि बाबांना शाळेतल्या नावाने हाक मारली. दोघं विहिरीच्या चौकात पाऊण तास उभे होते. मी बाबांसाठी चहा आणून दिला, तो तसाच गार झाला.

आता पाण्याचं तेवढं बघायचं राहिलंय. खजिना विहिरीच्या मागच्या बाजूला महापालिकेचं पाणी सकाळी नक्की किती वाजता येतं आणि किती वेळ असतं, तिथलं कुणी असेल तर प्लीज सांगा. बुधवारी पहाटे जायचा विचार आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.