दुधाच्या पावतीवरचा दशांश

'शाळा सुटली की टक्के-दशांश कुठे लागतात?' असं बरेच जण विचारतात. आमच्या घरी तर रोज दोनदा लागतात, सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेला.

डेअरीवर दूध घातलं की हातात चिठोरी येते : लिटर, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून इतर घनपदार्थ), दर. गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. म्हणजे शंभर किलो दुधात साडेतीन किलो स्निग्धांश, साडेआठ किलो इतर घनपदार्थ आणि बाकी ८८ किलो पाणी. फॅट ३.४ लागली की 'एक पॉइंट तुटला' म्हणतात. हा पॉइंट म्हणजे ०.१ टक्का. बारा किलो दुधामागे जेमतेम १२ ग्रॅम स्निग्धांश, पण दर तेवढ्यावरच उतरतो.

माझी आई चौथी शिकलेली. एकदा पावतीवर ३.४५ आलं, तर तिला वाटलं फॅट वाढली, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे! मग मी पाटीवर ३.५० लिहून दाखवलं. पुढचं शून्य दिसल्याबरोबर ती म्हणाली, "अगं, म्हणजे पाच पैसे नव्हे, पन्नास पैसे." तेव्हापासून पावती तीच तपासते, महिन्याची बेरीजही तीच मांडते.

मुलांना दशांश शिकवताना हेच करा, दोन्ही संख्यांत दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांची संख्या सारखी करून घ्या. आणि 'तीन पॉइंट पंचेचाळीस' असं वाचू देऊ नका, 'तीन पॉइंट चार पाच' म्हणायला लावा. निम्मा गोंधळ त्या वाचण्यातूनच होतो.