शब्दचर्चा : 'लांछन' आणि हॉथॉर्नचं तांबडं अक्षर

नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) मधली काही प्रकरणं आमच्या वाचनगटासाठी मराठीत करते आहे. एका शब्दापाशी आठवडाभर अडले आहे, मदत हवी आहे.

सतराव्या शतकातलं बॉस्टन. नवरा जवळ नसताना हेस्टर प्रिनला मूल होतं. तिथले प्युरिटन (कडक आचाराच्या ख्रिस्ती पंथाचे) न्यायाधीश तिला तीन तास चौथऱ्यावर लोकांसमोर उभं करतात आणि जन्मभर छातीवर 'लाजेची खूण' बाळगायला लावतात. ही खूण म्हणजे कापडाचं एक अक्षर, 'ए'. कशाचं आद्याक्षर ते वाचकाला कळतं, पण व्यभिचारासाठीचा इंग्रजी शब्द अख्ख्या कादंबरीत एकदाही येत नाही.

'लाजेची खूण' मला पोकळ वाटते. डाग, कलंक, बट्टा हे शब्द लावून पाहिले. बट्टा नावाला लागतो, छातीवर शिवता येत नाही. डाग नकळत पडतो. हे अक्षर तर हेस्टरनं स्वतःच्या हातानं, सोन्याच्या कलाबतूनं भरलं आहे, इतकं सुरेख की गर्दीतल्या बायकांना तोच उद्धटपणा वाटतो. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद

'लांछन' घ्या. आज आपण 'चारित्र्याला लांछन' एवढंच म्हणतो, पण संस्कृतात लांछन म्हणजे मुळात नुसती खूण, चिन्ह. चंद्र शशलांछन असतो, म्हणजे सशाची खूण असलेला. जैन मूर्तींच्या पीठावर तीर्थंकराचं लांछन कोरलेलं असतं: ऋषभनाथांचा बैल, महावीरांचा सिंह. मूर्ती कोणाची हे त्यावरून ओळखायचं. तिथे लाजेचा काही संबंध नाही.

प्रतिसाद

लांछन चपखल आहे, आणि कादंबरीकडे पाहिलं तर जास्तच. आपल्याकडे हा शब्द खुणेकडून कलंकाकडे गेला. हेस्टरचं अक्षर नेमकं उलट चालत येतं. ती शिवणकामावर पोट भरते, आजाऱ्यांच्या उशाशी बसते, आणि काही वर्षांनी तेच लोक म्हणू लागतात की 'ए' म्हणजे 'एबल', समर्थ. गव्हर्नर विन्थ्रॉप वारतात त्या रात्री आकाशात दिसलेला 'ए' काहींना 'एंजल'चा वाटतो. देवनागरीत मात्र एक पंचाईत होईल. 'ॲडल्टरी' लिहिताना ॲ येतो, 'एबल' आणि 'एंजल'ला ए. इंग्रजीत एकाच अक्षरात मावलेलं आपल्या लिपीत दुभंगतं. तिथे अक्षराचं नाव 'ए' हेच सगळीकडे धरा, उच्चाराच्या मागे जाऊ नका.

प्रतिसाद

'स्कार्लेट'बद्दल थोडं, कारण सगळे त्याला नुसता रंग समजतात. युरोपात हे आधी उंची लोकरी कापडाचं नाव होतं. रंगाला ते नंतर चिकटलं. शब्दाचं मूळ फारसी-अरबीकडे असावं असं बरेच कोशकार मानतात, आणि त्याच घराण्यातला म्हणून आपला 'सकलाद' दाखवतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात सकलाद म्हणजे विलायती लोकरी कापड.

रंगापुरतं बोलायचं तर मराठीत प्रत्येक लाल कोणाच्या तरी नजरेतून येतो. लालचुटुकमध्ये लाड आहेत, लालबुंदमध्ये संताप, लालभडकमध्ये नापसंती. तुरुंगाच्या दारातल्या बायकांच्या तोंडी लालभडक द्या. निवेदकाला तो देऊ नका.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. सकलाद वाचून मी लगेच प्रस्तावनेचं प्रकरण, 'कस्टम हाउस', उघडलं. हॉथॉर्न १८४६ ते १८४९ सेलमच्या जकात कचेरीत नोकरीला होता आणि सरकार बदलल्यावर त्याला काढून टाकलं. या प्रकरणात तो सांगतो (ही गोष्ट त्यानं रचलेली आहे) की कचेरीच्या माडीवर जुन्या कागदांत त्याला एक चिंधी सापडली. कसरीनं खाल्लेली, सोन्याच्या धाग्याचे अवशेष उरलेली. मोजून पाहतो, तर अक्षराचा प्रत्येक पाय सव्वातीन इंच. तो ती सहज स्वतःच्या छातीला लावतो आणि तापलेलं लोखंड टेकवल्यासारखा चटका बसून ती हातातून पडते. मूळ शब्द आहेत 'स्कार्लेट कापडाची चिंधी'. मी लिहिलं, 'तांबड्या सकलादीची चिंधी'. वाक्य एकदम बसलं.

त्याच प्रकरणात आणखी एक वाक्य आहे, आणि माझ्या मते सगळं पुस्तक त्यातून निघतं. हॉथॉर्नचे खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हे १६९२ च्या सेलममधल्या चेटकीण-खटल्यांतले न्यायाधीश. त्यांचे वडील विल्यम यांनी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा छळ केला. हा लेखक लिहितो की त्यांचा वंशज म्हणून त्यांची लाज मी माझ्यावर घेतो. न्यायाधीशाच्या वंशजानं शिक्षा भोगणाऱ्या बाईची चिंधी छातीला लावावी, हे मला त्याशिवाय उमगलं नसतं. इथे मी 'त्यांचं लांछन मी अंगावर घेतो' असं केलं आहे.

प्रतिसाद

मग शेवटचं वाक्यही पाहा. हेस्टरला तिच्या मुलाच्या बापाच्या कबरीजवळ पुरतात, मध्ये थोडी जागा सोडून, आणि दोघांना मिळून एकच दगड. त्यावर ढालीवर कोरतात तसं चिन्ह: काळ्या पार्श्वभूमीवर लाल 'ए'. तिथे हॉथॉर्न 'स्कार्लेट' म्हणत नाही, राजचिन्हांच्या भाषेतला लालसाठीचा शब्द वापरतो, 'ग्यूल्स'. म्हणून तिथे तांबडा नको, 'रक्तवर्ण' लिहा. आणि त्या चिन्हाला लांछनच म्हणा, मूर्तीच्या पीठावर असतं त्या अर्थानं.