मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि प्रोबायोटिक्स: आशा धरावी का?

पाऊलवाट:
थोरल्या भावाच्या मोठ्या आतड्यातून दोन पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या गाठी, काढले. कर्करोग नव्हता, पण असे काही पॉलिप वर्षानुवर्षं तसेच राहिले तर त्यांचा कर्करोग होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे. जपानमधला एक प्रयोग डोक्यातून जात नाही, २००५ साली प्रसिद्ध झालेला. आतड्यातल्या गाठी काढलेल्या ३९८ जणांचे चार गट केले: एकाला लॅक्टोबॅसिलस केसाई हा प्रोबायोटिक (फायद्यासाठी घेतला जाणारा जिवंत जीवाणू), दुसऱ्याला गव्हाच्या कोंड्याची बिस्किटं, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. चार वर्षांनी पाहिलं, तर जीवाणू घेणाऱ्यांमध्ये पेशी जास्त बिघडलेल्या गाठी कमी होत्या. माणसांवरचा प्रयोग आहे हा, उंदरांवरचा नव्हे! जगात दरवर्षी सुमारे १९ लाख लोकांना हा कर्करोग होतो. मग डॉक्टर या विषयावर दोन वाक्यांपलीकडे का बोलत नाहीत? मी भावाला कॅप्सूल सुरू केल्या आहेत आणि त्यात मला काही चूक दिसत नाही.

शुभ्रकाठ:
त्याच प्रयोगातली दुसरी ओळ तुम्ही सोडलीत. नव्या गाठी होण्याचं एकूण प्रमाण जीवाणू घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत सारखंच निघालं. मुख्य प्रश्न तोच होता. गाठींची प्रत बरी दिसली, हा धागा पकडून पुढे संशोधन जरूर व्हावं. पण तेवढ्यावर कॅप्सूल सुरू करणं मला पटत नाही.

मूळपेशी:
मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे थोडं लांबण लावते. कल्पना पोकळ नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ब्युटिरेट जाळून जगतात; आतड्यातले काही जीवाणू तंतूंपासून बनवतात तो हा पदार्थ. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोजवर चालतात, त्यामुळे त्यांच्यात ब्युटिरेट साठतं आणि वाढीला लगाम बसतो. काचेच्या बशीत हे स्पष्ट दिसतं. पण ब्युटिरेट बनवतात फिकॅलिबॅक्टेरियम, रोझबुरिया वगैरे जीवाणू. कॅप्सूलमधले नेहमीचे लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम ते स्वतः बनवत नाहीत, फार तर बनवणाऱ्यांना कच्चा माल पुरवतात. आणि ते बनवणारे ऑक्सिजनमध्ये तग धरत नाहीत, म्हणून त्यांना डबीत भरणं अवघड. त्यांना आपल्या आतड्यातच पोसायचं, म्हणजे तंतुमय आहार.

पाऊलवाट:
तंतूंचं म्हणाल तर जपानच्या त्याच प्रयोगात चार वर्षांनी मोठ्या गाठी कोंड्याच्या गटात जास्त होत्या. मग तिथे संशय का नाही?

मूळपेशी:
घ्यायलाच हवा. कोंडा हा तंतूंचा एक प्रकार झाला, सगळे तंतू सारखे नसतात. तेच जीवाणूंचं. 'प्रोबायोटिक' या एका शब्दाखाली आपण भलभलत्या गोष्टी कोंबतो. एश्चेरिशिया कोलाय निसल १९१७ घ्या. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निसल यांनी एका सैनिकाच्या आतड्यातून मिळवलेला, आणि आजही प्रोबायोटिक म्हणून वापरला जाणारा. पण कोलिबॅक्टिन बनवणारी जनुकं त्याच्याकडेही आहेत. कोलिबॅक्टिन पेशीच्या डीएनएला इजा करतं, आणि त्या इजेची खूण मोठ्या आतड्याच्या काही गाठींत सापडल्याचं २०२०मध्ये दाखवलं गेलं. निसलमुळे कुणाला कर्करोग झाला असं मी अजिबात म्हणत नाही. पण कोणता जीवाणू, याचं उत्तर नसताना 'चांगले जीवाणू' म्हणू नये.

रातराणी२:
माझी मावशी शौचातून रक्त जात असताना आठ महिने असल्या कॅप्सूल घेत राहिली. पोट साफ होतंय, बरं वाटतंय म्हणायची. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाली तेव्हा आजार यकृतापर्यंत गेला होता. मला इथे शांतपणे लिहिता येत नाही, माफ करा.

पाऊलवाट:
रातराणी, वाचून गलबलले. पण तो दोष तपासणी टाळण्याचा आहे ना? शस्त्रक्रियेच्या आगेमागे प्रोबायोटिक्स दिल्यावर जंतुसंसर्ग कमी झाल्याचं अनेक चाचण्यांत दिसलंय. तेही सोडून द्यायचं?

शुभ्रकाठ:
नाही, तिथे तुमची बाजू खरंच भक्कम आहे. चाचण्या बहुतेक छोट्या आणि प्रत्येकीतलं मिश्रण वेगळं, तरी कल त्याच दिशेचा आहे. पण तो शस्त्रक्रिया नीट पार पडण्याचा फायदा झाला, गाठ आटण्याचा नव्हे. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटलेल्या असतील तर हेच जिवंत जीवाणू रक्तात उतरू शकतात. असं क्वचित घडतं, पण घडलेलं आहे. म्हणून त्या काळात स्वतःच्या मनाने एकही कॅप्सूल घेऊ नये, यावर मी अडून राहीन.

मूळपेशी:
मला खरी आशा उलट्या बाजूने वाटते. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा तोंडातला जीवाणू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये मोठ्या प्रमाणात असतो, हे २०१२मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. अशा घुसखोराला हुसकावणारा जीवाणू सापडला तर ते औषध ठरेल. तेव्हा त्याची परीक्षाही औषधासारखीच व्हावी.

पाऊलवाट:
परीक्षा व्हावी, हेच तर पहिल्यापासून म्हणते आहे. भावाची पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी आहे, ती चुकणार नाही. कॅप्सूल मात्र आज तरी बंद करवत नाहीत.

शुभ्रकाठ:
डबीवर जीवाणूचं पूर्ण नाव आणि स्ट्रेनचा, म्हणजे नेमक्या उपप्रकाराचा, क्रमांक आहे का?

पाऊलवाट:
आत्ता पाहिलं. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलंय.