‘दाह’ की ‘सूज’? आणि ‘प्रतिकारशक्ती’चं काय करायचं?

‘इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज’ म्हणजे आतड्यांना सूज आणणारे दीर्घकाळचे आजार, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्यातले मुख्य. त्यांच्यासाठी ‘आंत्रदाह’ हा मराठी शब्द सुचवला जातो. व्युत्पत्तीने तो चोख आहे. ‘इन्फ्लमेशन’चं लॅटिनमधलं मूळ क्रियापद पेटवण्याचं, आपला ‘दह्’ धातूही जाळण्याचाच. पण मी औषधचाचण्यांची संमतीपत्रं मराठीत आणते, तिथे हा शब्द चालला नाही. ‘मोठ्या आतड्याचा दाह’ असं वाचून दाखवल्यावर एक मावशी म्हणाल्या, “पण ताई, मला जळजळ नाहीच. आव पडते, रक्त पडतं, दिवसातून दहादा जावं लागतं.” दाह म्हटलं की त्यांना पित्त आठवलं. ‘आतड्याला सूज आणि आतून जखमा’ म्हटल्यावर लगेच उमगलं. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी आता मी तेच लिहिते.

‘संग्रहणी’ हा आयुर्वेदातला शब्द मात्र नको. लक्षणं जुळतात म्हणून जुनं नाव चिकटवलं की आजाराची ओळखच पुसली जाते. क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा आजार (आजचा क्रोन्स) वेगळा म्हणून ओळखला, तो शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्यात काय दिसलं त्यावरून. आपल्याकडे तर क्रोन्स आणि आतड्याचा क्षय यांत डॉक्टरांचीही गफलत होते, इतके ते सारखे दिसतात. आणि ‘आयबीएस’ला (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हा वेगळाच पोटाचा त्रास) कृपया ‘आतड्याची सूज’ म्हणू नका, त्यात तशी सूज किंवा जखमा दिसत नाहीत.

मला खरा घातक वाटतो तो शब्द ‘प्रतिकारशक्ती’. शक्ती म्हटली की ती वाढवायचीच, हे आपल्या कानात बसलंय. मग क्रोन्सचा पेशंट काढे घेतो, च्यवनप्राश खातो आणि ‘प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध’ वाचलं की सही करायला कचरतो. इथे शक्ती कमी पडलेली नसते, आतड्यातल्या जिवाणूंविरुद्ध चाललेला प्रतिकार थांबायचं नाव घेत नाही. म्हणून मी ‘प्रतिकारयंत्रणा’ लिहिते. यंत्रणा बिघडू शकते, तिला लगाम घालता येतो.

इन्फ्लिक्सिमॅबचंच बघा. अमेरिकेत १९९८ साली क्रोन्ससाठी मान्यता मिळालेलं हे औषध ‘टीएनएफ’ नावाचं प्रथिन अडवतं. हेच प्रथिन आतड्यातली सूज पेटती ठेवतं आणि हेच क्षयाच्या जंतूंना पेशींच्या गाठीत कोंडूनही ठेवतं. त्यामुळे औषध सुरू करण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करावी लागते. ‘शक्ती वाढली’, ‘शक्ती घटली’ या भाषेत हे समजावून सांगताच येत नाही. ‘यंत्रणेचा एक दुवा अडवला’ म्हटलं की तपासणी कशासाठी, हे पेशंट स्वतःच विचारतो.

‘फ्लेअर’साठी, म्हणजे शांत असलेला आजार पुन्हा उसळतो त्यासाठी, शोधाशोध नको, ‘दुखण्याने उचल खाल्ली’ हे घरोघरी बोलतात. ‘रेमिशन’, म्हणजे आजार असूनही त्रास थांबलेला काळ, हा शब्द अवघड. ‘बरा झाला’ लिहिलं की माणूस गोळ्या बंद करतो. ‘उपशम’ कुणी बोलत नाही. मी ‘आजार शांत आहे’ लिहिते. पण संशोधनात आता दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: त्रास थांबला का, आणि दुर्बिणीतून पाहिल्यावर आतड्याचं अस्तर नीट दिसतं का. पहिली झाली तरी दुसरी झालेली असेलच असं नाही. या दुसऱ्या गोष्टीला ‘जखम भरून आली’ हा आपला शब्दप्रयोग अगदी नेमका बसतो. मावशींनी पुढच्या भेटीत आपणहून तोच वापरला: “आजार शांत आहे हो, पण आतून भरून आलंय का ते बघायचंय म्हणून आलेय.”